माझा कंटेनर आन् रूट सर्टिफिकेट

न्हाई, मला एक सांगा, माझाच लॅपटॉप, माझ्याच मांडीवर बसलेला, तेच्यात मीच हातानं मांडलेला पसारा... आन् तोच पसारा मला म्हणतोय का, 'सही कोणाची ते ओळखत नाही'! आता ओळखत न्हाई म्हंजे? ज्या कंपनीनं लॅपटॉप दिला त्या कंपनीची सही हाय! तुझ्या पाठीवर तिचं स्टिकर हाय! आन् तू ओळखत न्हाईस? बरं, बोलायचा सूर कसा, तर राग न्हाई, मस्करी न्हाई, एकदम खिडकीतल्या क्लार्कसारखा. मान वर करायची न्हाई, चेहरा बघायचा न्हाई. 'सही कोणाची ते ओळखत नाही. पुढचे.'

पुढचं कोण हाय? मीच हाय पुढची!

तुम्हाला सांगते, पहिल्यापासून सांगते, न्हाईतर तुमी म्हणाल ही बाई लॅपटॉपशी भांडती. भांडत न्हाई हो. भांडायला समोरच्याला थोडातरी राग यावा लागतो.

मी वैष्णवी. माहेर घाटनांदूरचं, सासर चौसाळ्याचं, कंपनी पुण्याची, आन् बसते मी आमच्या घराच्या स्लॅबवर जी एक खोली हाय ना पाण्याच्या टाकीला टेकून, तिथं. कंपनी काय करती तर दवाखान्यांसाठी प्रोग्राम करती, कुठल्या दवाखान्यात कुठलं औषध संपत आलंय ते आधीच दाखवायचं. चांगलं काम हाय. लग्नाआधीच मी सांगितलतं, नोकरी सोडणार न्हाई. आमच्या ह्यांनी, म्हंजे बजरंग नाव हाय त्यांचं, हायवेवर ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान हाय, त्यांनी लगेच मान हलवली. लग्नात माणूस कशालाबी मान हलवतो, पण ह्यांनी नंतरबी हलवली. टाकीपाशी खोली करून दिली, इन्व्हर्टर बसवला, नेटची वायर आणली. आता एवढं करून जर मला परत पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या घरात कॉटभाड्यानं राहायची पाळी आली असती, तर त्या खोलीत काय ठेवलं असतं? कांदे.

पण कंपनीला कुठं कांद्याचं काय? आमच्या संस्कृती मॅडम, पुण्यातल्या, माझ्या वरच्या. लई गोड बोलणं. मला म्हणल्या, "वैष्णवी, अगं आपण ट्राय करूया ना घरून. माझी काहीच हरकत नाहीये. फक्त नवीन सिस्टिम पूर्णच्या पूर्ण तुझ्या मशीनवर चालली पाहिजे हं. गुरुवारी कॉलवर दाखव. नाही चालली तर मग... इथे ऑफिसलाच बसावं लागेल, चालेल ना?"

त्या 'चालेल ना'ला उत्तर द्यायची सोय नसती, तुमच्या ध्यानात आलं का? ते प्रश्नासारखं दिसतं फक्त.

आता सिस्टिम चालवायची म्हंजे काय, तर कंटेनर चालवायचे. कंटेनर म्हंजे हायवेवरचा न्हाई हो! डबे समजा. लॅपटॉपच्या पोटात डबे. एकेका डब्यात एकेक प्रोग्राम, आपापलं सामान घेऊन बसलेला, शेजारच्याशी संबंध न्हाई. आन् हे डबे ज्या फडताळात ठेवायचे ते फडताळबी लॅपटॉपच्या पोटातच, पण ते सोताला वेगळा कंप्युटर समजतंय. ह्या सगळ्या मांडामांडीला म्हणायचं क्लस्टर. झालं. एवढंच हाय. लोकं उगंच घाबरतात.

तर मी मांडलं फडताळ. म्हणलं, बाबा, कंपनीच्या गोदामातून डब्यातलं सामान आण. त्या सामानाला इमेज म्हणायचं. ते गेलं गोदामाच्या दारात. त्या दाराला म्हणायचं पोर्ट. गोदामानं आपलं ओळखपत्र दाखवलं. आन् आमचं फडताळ काय म्हणलं?

'सही कोणाची ते ओळखत नाही.'

का, तर त्या ओळखपत्रावर सही हाय आमच्या कंपनीची. बाहेरचे सगळे मोठे सही करणारे जगाला माहीत असतात, कंप्युटर जन्मालाच त्यांची ओळख घेऊन येतो. पण आमच्या कंपनीनं आतल्या आत कारभार चालवायला सोताचंच एक मूळ ओळखपत्र काढलंय, तेला म्हणायचं रूट सर्टिफिकेट. आन् त्या मूळ ओळखपत्रावर सही कुणाची? तेची सोताचीच! 'मी खरा आहे. सही, मी.' तुम्हाला सांगते, एवढा आत्मविश्वास मी फक्त वाढदिवसाच्या बॅनरवर बघितलाय, जिथं फोटोबी त्याचाच असतो आन् खाली शुभेच्छुकबी तोच असतो.

मग मी रामेश्वरला फोन लावला. रामेश्वर म्हंजे आमच्यातलाच, उमापूरचा, पुण्याच्या ऑफिसात माझ्या टीममधी हाय. म्हणलं, "रामेश्वर, लॅपटॉपला तर ती सही माहीत हाय ना? ब्राउजरमधी गोदाम उघडतंय की!"

तो म्हणला, "लॅपटॉपला माहीत असून काय उपयोग? फडताळ वेगळं हाय. तेला वेगळं सांगावं लागतंय."

"अरे, पण ते लॅपटॉपच्या पोटातच हाय!"

"पोटात असलं म्हणून काय झालं? पोटातलं ऐकतंय का कुणाचं? आन् एवढा त्रास कशाला घेतीस, तपासणीच बंद करून टाक. एक ओळ लिहायची. कुणाचीबी सही चालंल."

मी म्हणलं, न्हाई बाबा. एक तर मॅडमनं आधीच बजावलंय, तपासणी बंद करून चालवलं तर ते चाललं असं धरणार न्हाई. आन् दुसरं, दवाखान्याच्या औषधाचा विषय हाय. कुणाचीबी सही चालंल म्हणून कसं चालंल? उद्या कुणीबी मधीच उभं राहून म्हणलं, मीच गोदाम, घ्या गोळ्या!

तर मग मी ते सर्टिफिकेट उचललं, फडताळाच्या आत नेऊन ठेवलं, जिथं ठेवायचं असतं तिथंच ठेवलं, आन् हुकूम दिला का, बाबा, तुझी ओळखीची यादी नवी कर. तेनं केली. लगेच केली. आन् मला सांगितलं, 'शून्य जोडले. शून्य काढले. झालं.'

झालं! काय झालं? शून्य जोडलं आन् शून्य काढलं तर झालं काय? परत दिला हुकूम. 'शून्य जोडले. शून्य काढले. झालं.' ह्या 'झालं'चा मला एवढा राग आला सांगू, आमच्या माहेरी वायरमन यायचा, खांबाकडं बघायचा, चहा प्यायचा आन् म्हणायचा, झालं. तसलं 'झालं'.

दुपार गेली त्यात. संध्याकाळी कळलं, फाइलच्या नावाचं शेपूट चुकलंय. आत सगळं बरोबर, अक्षर न् अक्षर बरोबर, पण नावाच्या शेवटी जी तीन अक्षरं असतात टिंबाच्या पुढं, ती दुसरी होती. तेला दुसऱ्या शेपटाचं चालत न्हाई. आन् चालत न्हाई म्हणून सांगतबी न्हाई! वाचलंच न्हाई आन् म्हणतंय झालं! शेपूट बदललं. 'एक जोडले. शून्य काढले. झालं.'

मी टाकीपाशी उभी राहून एकटीच हसले. खालून आत्यानं बघितलं.

आत्या म्हंजे माझ्या सासूबाई, साखराबाई. त्यांचं एक म्हणणं हाय, आन् ते त्या मला म्हणत न्हाईत, म्हशीला म्हणतात, पण मला ऐकू येईल असं म्हणतात. "काय बाई करती दिवसभर त्या पेटीपुढं. बोटं चालतात, पण होत काय दिसत न्हाई. माणूस भाकरी करतो तर भाकरी दिसती. शेण काढतो तर जागा साफ दिसती. हिचं काय दिसतंय?" खरंच दिसत न्हाई. ज्या दिवशी सगळं नीट चालतं त्या दिवशी तर अजिबातच दिसत न्हाई.

बरं, एक जोडलं म्हणून मी खूश. चालू केलं. आन् ते म्हणतंय...

'सही कोणाची ते ओळखत नाही.'

अरे, आत्ताच तर जोडली! तर रामेश्वर म्हणला, यादीत जोडली, पण जो गडी सामान आणायला जातो तो सकाळी यादी वाचून निघालेला हाय. तेला झोपवून परत उठवावं लागतं. आता हे मी फोनवर बोलायलेय कुठं, तर टाकीपाशी, कारण रेंज तिथं हाय, आन् बोलायलेय कशी, तर वरडून, कारण हायवेवरच्या गाड्यांचा आवाज. मी काय वरडले ते ध्यानात घ्या, कारण इथून पुढं सगळं त्याच्यावर हाय. मी वरडले का, "रामेश्वर, कंटेनर उठेचना रे! रूट सर्टिफिकेट हाय माझ्याकडं, पण ते सहीच ओळखत न्हाईत! पोर्टवर बघितलं, पोर्ट उघडं हाय! इमेज आणायला जातंय आन् दारातून मागं फिरतंय! गुरुवारपर्यंत सुटलं न्हाई तर मला पुण्याला जावं लागंल!"

खाली बाजंवर मामा बसलते.

मामा म्हंजे माझे सासरे, आश्रुबा. मागं सरपंच होते. तेव्हा म्हणे आमच्या अंगणात चप्पल ठेवायला जागा नसायची. कुणाचा दाखला अडकला, कुणाच्या शेतातली विजेची डीपी जळाली, कुणाच्या पोरीचं ॲडमिशन... मामा फोन उचलायचे, "मी आश्रुबा बोलायलोय" म्हणायचे, आन् काम व्हायचं. आता पद गेलं. पांढरे कपडे तेवढे राहिले. सकाळी अंघोळ करून, कडक इस्त्री घालून मामा अंगणात बाजंवर बसतात, फोन शेजारी ठेवतात, आन् तो फोन वाजतो तेव्हा पलीकडून बाई म्हणती का तुमचा रिचार्ज संपत आलाय.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले. मी वाढायलेय. मामा हळूच म्हणले, "सूनबाई, कुठं अडकलाय?"

"काय मामा?"

"कंटेनर."

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यात पाणी आलं. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाचं विचारलं! मी पातेलं खाली ठेवलं आन् सगळं नीट सांगितलं.

"आतच अडकलाय मामा. उठेचना."

"ब्रेकडाऊन?"

"हां, तसंच म्हणा. उठतो, पडतो, उठतो, पडतो."

"सोबत कोण हाय?"

"कुणी न्हाई. मी एकटीच बघायलेय."

"आन् रूट सर्टिफिकेट?"

मला इतकं कौतुक वाटलं सांगू! म्हणलं बघा, ह्या वयात, ऐकून ऐकून ध्यानात ठेवलं माणसानं. म्हणलं, "सर्टिफिकेट खरं हाय मामा, पण ते म्हणतात सही कोणाची ते ओळखत न्हाई."

मामांचा घास हातातच राहिला. "सही ओळखत न्हाईत? तिथं बसलाय कोण?"

"कुणी बसलेलं न्हाई. आपोआप होतंय."

"अच्छा. ऑनलाइन केलंय."

"हो, ऑनलाइनच हाय."

"तिथंच घोळ हाय. माणूस असता तर बोललो असतो. इमेजचं काय म्हणत होतीस?"

"इमेजच यायना मामा. तेच तर मूळ दुखणं हाय."

मामांनी घास खाली ठेवला. आन् जे बोलले ना... "सूनबाई, इमेजची काळजी तू करायची न्हाई. तालुक्यात आपली इमेज हाय. अजून हाय."

आमचे हे भाकरी मोडत मोडत एकदा माझ्याकडं बघायलेत, एकदा मामांकडं. ह्यांना सगळं कळलं होतं, बरं का! लगेच कळलं होतं! नंतर मी विचारलं, "कावून बोलला न्हाईत तुमी?" तर म्हणतात, "लई दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या दादांनी. मोडता घालायला जीव झाला न्हाई." हे मामांना दादा म्हणतात.

बरं, इकडं मी त्या सामान आणणाऱ्या गड्याला झोपवलं, उठवलं, आन् काय सांगू, भराभरा सगळं सामान आलं! डबे भरले! फडताळ भरलं! मी म्हणलं, जिंकलं. डबा उघडला. आतला प्रोग्राम उठला, डोळे चोळले, कंपनीच्या सर्व्हरला औषधांची यादी मागायला गेला, आन् परत येऊन म्हणला...

म्हणा! तुमीच म्हणा आता!

'सही कोणाची ते ओळखत नाही.'

कारण लॅपटॉपला सांगितलं ते फडताळाला माहीत न्हाई, आन् फडताळाला सांगितलं ते डब्याला माहीत न्हाई! एका घरात राहतात, एक दुसऱ्याला सांगत न्हाईत! मी मनात म्हणलं, वैष्णवी, तुला काय नवल वाटतंय? तू ह्या गल्लीत एवढे दिवस झाले आलीस, शेजारची अजून विचारती, "बजरंगची बायको ना? नाव काय म्हणलीस?" रोज सांगते. रोज विचारती. शून्य जोडले, शून्य काढले, झालं.

तर मग एकेका डब्यात ते सर्टिफिकेट आत नेऊन दिलं. प्रत्येकाच्या हातात. हे घ्या, ही आपल्या कंपनीची सही, हिला ओळखा. सगळे ओळखायले. एकटा सोडून. सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना, जो औषधांचा हिशेब करतो तो. तो जावा नावाच्या भाषेत लिहिलेला हाय. रामेश्वर म्हणला, "अगं, जावाचं वेगळं असतंय."

मी म्हणलं, मला माहीतच होतं. जावांचं कुठल्या घरात एक असतं?

म्हंजे डब्याला ओळख दिली ती तेला चालत न्हाई. तेची सोताची वेगळी तिजोरी असती, तिच्यात ठेवावं लागतं. तिजोरीला पासवर्ड. आन् तो पासवर्ड काय हाय, माहीत हाय का? इंग्रजीत हाय, पण अर्थ हाय, 'हे बदला'. कुणीतरी कधीकाळी तिजोरी बनवताना लिहून ठेवलं का बाबांनो, हा तात्पुरता हाय, हे बदला. आन् सगळ्या जगानं मिळून ठरवलं का हाच पासवर्ड हाय! मी टाकला, 'हे बदला'. उघडली तिजोरी. आत सर्टिफिकेट ठेवलं. तिजोरीनं विचारलं, 'ह्या माणसावर विश्वास ठेवायचा का? हो की नाही?'

एवढ्या सगळ्या पसाऱ्यात तेवढंच एक भेटलं ज्यानं नीट तोंडावर विचारलं. मी म्हणलं, हो गं बाई. हो.

गुरुवारी दुपारी कॉल. मी केस विंचरले, मागची दोरी काढली कपड्यांची, बसले. स्क्रीनवर संस्कृती मॅडम, त्यांच्या शेजारी त्यांचे वरचे साहेब, रामेश्वर एका कोपऱ्यात. मी म्हणलं, मॅडम, चालू करते. आन् बोट ठेवायला आन् खाली जीप थांबायला एक गाठ.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगते, न्हाईतर तुमी घोटाळ्यात पडाल. मामांनी फोन केलता सटव्याला. सटवा म्हंजे गाड्यांचं परमिट, पासिंग, असली कामं करून देणारा एजंट. "मी आश्रुबा बोलायलोय. आपल्या सूनबाईचा कंटेनर अडकलाय पोर्टवर. मुंबईचं असंल. रूटचं सर्टिफिकेट, परमिट सगळं हाय, पण ऑनलाइन सही घेईना. गाडी बंद पडलीय. इमेजचा प्रश्न हाय." सटवा आला, सोबत एक मेकॅनिक घेऊन आला, आन् चौसाळ्यातले चार लोकंबी आले, कारण आश्रुबाच्या सुनेचा कंटेनर हाय ही बातमीच तशी होती. कुणी म्हणलं कांदा निर्यात करती, कुणी म्हणलं डाळिंब. एकजण म्हणला, "तरीच म्हणलं दिवसभर वर काय करती!"

अंगणात चपला. लई दिवसांनी.

मामा जिन्यापाशी आले आन् वर आवाज दिला, "सूनबाई! खाली या! माणसं आलीत! कंटेनरचं सोडवू!"

वर संस्कृती मॅडम म्हणतात, "वैष्णवी, मागे कसला आवाज आहे गं?"

मी म्हणलं, "मॅडम, खाली कंटेनरवर चर्चा चालू हाय."

"अय्या, घरी पण? किती छान!"

मामा पहिल्या पायरीवर. दुसऱ्या पायरीवर. मला पायाचा आवाज ऐकू येतोय, आन् स्क्रीनवर एकेक डबा उठतोय, हिरवा होतोय, आन् मी मनात म्हणायले, आता मामा दारात आले, साहेबांनी पांढरं धोतर बघितलं, का संपलं. आन् तेवढ्यात आत्याचा आवाज आला. माझ्या आत्या. साखराबाई. जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या, हाताला पीठ तसंच.

"वर जायचं न्हाई. तिचं काम चालू हाय."

काम! काम म्हणल्या!

मामा म्हणले, "अगं, कामाचंच बोलायचंय!"

"काम झाल्यावर कामाचं बोला. ती सकाळपासून जेवली न्हाई. आज काहीतरी हाय तिचं. मला कळत न्हाई काय हाय, पण हाय."

वर मी, हेडफोन कानाला, एक कान सरकवून हे ऐकते, आन् माझं समोर लक्षच न्हाई, मॅडम काय बोलल्या तेबी ऐकलं न्हाई, आन् डोळे भरून आलेत आन् साहेबांना वाटायलं मला टेन्शन आलंय. ते म्हणले, "घाबरू नका, सावकाश." शेवटचा डबा राहिलता, जावाचा. तो उठला. गेला सर्व्हरकडं. आन् तो आला हो परत औषधांची यादी घेऊन! कुठल्या दवाखान्यात काय कमी हाय, सगळं समोर, लाल, पिवळं, हिरवं. कुणी सहीचं विचारलं न्हाई. कुणी ओळख मागितली न्हाई.

मॅडम म्हणल्या, "चाललं की गं! तपासणी बंद करून तर नाही ना केलंस?" साहेबांनी दाखव म्हणलं, मी दाखवलं. रामेश्वर कोपऱ्यातून म्हणला, माझ्या मशीनवर अजून न्हाई चाललं. मॅडम म्हणल्या, "मग ठीक आहे वैष्णवी. राहा तू तिकडेच."

खाली आले. अंगण भरलेलं. सगळे उभे राहिले माझ्याकडं बघून. सटवा म्हणला, "ताई, गाडी नंबर सांगा अगोदर. चेसिस नंबर असला तर लई बरं."

मी तोंड उघडलं. सांगणारच होते का बाबांनो, तसला कंटेनर न्हाई. पण मामांकडं बघितलं. पांढरा शर्ट, छाती जराशी पुढं, हातात फोन, भोवती माणसं. हे दुकानातून पळत आलते, ते माणसांच्या मागून माझ्याकडं बघायले.

मी म्हणलं, "मामा, सुटला कंटेनर."

"सुटला?"

"आत्ताच सुटला. सही ओळखली त्यांनी."

मामांनी मान हळूच सटव्याकडं वळवली. "बघ. आपण नुसता फोन फिरवला, तर सुटला."

सटवा म्हणला, "आश्रुबा, तुमची गोष्टच वेगळी हाय." आन् आत्यानं सगळ्यांना चहा केला. आता गावात सगळ्यांना माहीत हाय, पोर्टावरचा कंटेनर आश्रुबानं बाजंवर बसून सोडवला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोराच्या दाखल्यासाठी आलं. परवा एकजण पासबुक घेऊन आला. मी काय बोलत न्हाई. खोटं तर काय बोलले? कंटेनर सुटलाच ना?

झालं, असं वाटलं. मला वाटलं हो झालं. आन् आज सकाळी कंपनीतून मेल. सगळ्यांना. 'सुरक्षेच्या दृष्टीने कंपनी नवीन रूट सर्टिफिकेट आणत आहे. सोमवारपासून जुने ग्राह्य धरले जाणार नाही.'

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसले. लॅपटॉपला परत, फडताळाला परत, प्रत्येक डब्याला परत, जावाला परत. मामा बाजंवर सुपारी कातरत होते. म्हणले, "काय झालं, सूनबाई?"

म्हणलं, "मामा, ज्यांची सही ओळखायला लावली ना, ती सहीच बदलली. नवीन आली."

मामांना काहीच वाटलं न्हाई. म्हणले, "बदलणारच. वर नवीन माणूस बसला का जुन्या सह्या चालत नसतात. मी सरपंच झालतो तेव्हा पहिल्याच दिवशी मागच्याच्या सगळ्या सह्या रद्द करून टाकल्या."

म्हणलं, "कावून मामा? चुकीच्या होत्या का?"

मामांनी सुपारी तोंडात टाकली, जराशी चावली, आन् म्हणले, "न्हाई. चांगल्या होत्या."